तिसरा सिलिंडर आणि मिस्त्रीचे कान

समस्त नातेवाईक, स्नेही, हितचिंतक आणि आमच्या गल्लीतले सर्व शेजारी यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी नऊच्या सुमारास, प्रताप नगरातील आमच्या राहत्या घराच्या पोर्चमध्ये, माझ्या लाल रंगाच्या, दोन सीटांच्या गाडीतील चारांपैकी तिसऱ्या सिलिंडरने कोणतीही पूर्वसूचना न देता काम करणे थांबविले. सांत्वनासाठी येणाऱ्यांनी कृपया बॉनेटला टेकून उभे राहू नये.

आज मी हे मजेत लिहितो आहे. तेव्हा मी एप्रिल आणि मे असे दोन महिने संतापलेला होतो. रोज सकाळी दात घासल्यासारखा नेमाने संतापायचो. नागपूरचा उन्हाळा माणसाला तसाही धरून भाजतो, पण त्या वर्षी सूर्याला माझ्याकडे बघून विश्रांती घेता आली असती.

आधी गाडीची ओळख करून देतो. हवाई दलातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी ती परदेशातून आणली होती. त्यांच्या गुडघ्यांनी तिच्यात बसायला नकार दिला, तेव्हा ती माझ्याकडे आली. तिच्यात बसायचं म्हणजे पंगतीत बसतो तसं खाली बसायचं आणि मग एकेक पाय आत ओढून घ्यायचा. उतरताना आजूबाजूला कुणी ओळखीचं नाही ना, हे पाहून घ्यायचं. वीस वर्षांची गाडी, म्हणजे गाड्यांच्या हिशेबानं नातवंडं असलेली. पण तिच्या बॉनेटवर, इंजिनाला हवा मिळावी म्हणून, एक उघडी नाकपुडी आहे. ती नाकपुडी पाहून मी भाळलो. माझी बायको म्हणाली होती, की पन्नाशीत माणसं स्वतःच्या गुडघ्यांना तेल चोळतात, तुम्ही गाडीच्या बिजागऱ्यांना चोळा.

तर ही गाडी मिसिंग करायला लागली. मिसिंग म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. चार माणसं लोखंडी कपाट उचलून जिना चढताहेत, आणि त्यातला एक जण दर दोन पायऱ्यांनी हात काढून घेतो. कपाट पडत नाही, पण असं हेलकावतं की उरलेल्या तिघांच्या तोंडून नको ते शब्द निघतात. आमची गाडी सकाळी सुरू केली की तशी हेलकावायची. आरसे थरथरायचे. मागून फट् फट् आवाज यायचा. समोरच्या घरातले निवृत्त मुख्याध्यापक पेपर खाली करून माझ्याकडे बघायचे आणि पुन्हा वर करायचे. त्या पेपर वर करण्यात जी तुच्छता होती, ती मी अजून विसरलेलो नाही.

गाडी घेऊन मी कळमन्याला गेलो.

कळमन्यात, बाजार समितीच्या बाहेरच्या रस्त्यावर, एक मिस्त्री आहेत. साठीच्या पुढचे, काटकुळे, कमी बोलणारे. त्यांचं खरं काम ट्रकांचं. धान्याचे, संत्र्यांचे, उन्हाळ्यात आंब्यांचे ट्रक बाजारात माल उतरवतात आणि मग त्यांच्या दारात रांग लावतात. पण वीस वर्षं माझ्या सगळ्या गाड्या त्यांच्याच हाताखालून गेल्या, कारण त्यांचा कान. त्यांच्याकडे हातभर लांबीचा एक जुना पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, आहे. त्याचं टोक चालू इंजिनवर टेकवायचं, लाकडी मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग ते सांगतात, की अमुक बेअरिंग गेलं, तमुक व्हॉल्व्ह जळून राहिला. ट्रक रस्त्यावरून वळायच्या आत, नुसत्या आवाजावरून, ड्रायव्हरनं क्लचवर पाय ठेवून गाडी चालवली आहे हे त्यांनी ओळखल्याचं मी स्वतः पाहिलं आहे. तो ड्रायव्हर लाजला होता. ट्रकड्रायव्हर लाजताना मी पुन्हा कधी पाहिला नाही.

प्रताप नगर ते कळमना म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं टोक. निघताना गाडी हेलकावत निघाली. अर्ध्या वाटेवर जरा सावरली. कळमन्याला पोचली तेव्हा शिवणयंत्रासारखी चालत होती. मिस्त्रींनी पेचकस लावला, डोळे मिटले, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "साहेब, ह्या घडीले तं गाडीत काही नाही. चारही चालून राहिले."

मी म्हणालो, चालून राहिले असते तर मी ऊन डोक्यावर घेऊन इथे आलो असतो का? ते म्हणाले, पुन्हा झालं तर आणा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा झालं. पुन्हा नेली. पुन्हा काही नाही.

तिसऱ्या फेरीनंतर मी त्यांना रोज सकाळी सहाला फोन करायला लागलो. ते पाचला उठतात हे मला माहीत होतं. आणि सहाला माझ्याकडे वेळ असायचा, कारण उन्हाळ्यात सहा वाजता मी कूलरची टाकी भरतो. आमचा कूलर पोर्चच्या बाजूच्या खिडकीला, उंच लोखंडी स्टँडवर बसवलेला आहे. टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा त्यातला प्लास्टिकचा गोळा गेल्या वर्षीच तुटला होता. बायको म्हणत होती, नवा आणा. मी म्हणत होतो, त्यात काय, मी रोज पाइपनं भरतो. तर पाइप टाकीत सोडायचा, कंपाउंडच्या कोपऱ्यातला नळ उघडायचा, आणि मोबाइल घेऊन तिथेच उभं राहायचं, कारण घरात आवाज नीट येत नाही आणि मला माझा आवाज नीट जायला हवा होता. भिंतीकडे तोंड करून मी मिस्त्रींवर ओरडायचो. ते ऐकून घ्यायचे. अधूनमधून "हौ साहेब" म्हणायचे. त्या "हौ साहेब"नं मी आणखी भडकायचो. फोन ठेवला की तिथलाच नळ बंद करून तणतणत मागच्या दारानं आत जायचो.

मधल्या काळात मी एका लॅपटॉपवाल्याकडेही गेलो. काचेचं ऑफिस, आत थंडगार. त्यानं गाडीला वायर जोडली आणि पडदा माझ्याकडे वळवून सांगितलं की गाडीच्या आठवणीत नोंद आहे, तिसरा सिलिंडर मिसिंग. मी म्हणालो, ही आठवण मलाही आहे. त्यानं तिसऱ्याचा ठिणगी पाडणारा प्लग बदलला, प्लगला वीज देणारी त्यावरची कॉइल बदलली, हात झटकले. दुसऱ्या दिवशी सकाळी फट् फट्. मुख्याध्यापकांचा पेपर खाली. पेपर वर.

मिस्त्रींनी मग पद्धतशीर काम केलं, हे मी मान्य करतो. आज करतो. त्यांनी तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर बसवली आणि पहिल्याची तिसऱ्यावर. कॉइलमध्ये दोष असेल तर तो तिच्याबरोबर पहिल्यात जाईल. नाही गेला. मिसिंग तिसऱ्यातच. पेट्रोल फवारणारे नोझल आलटून पालटून पाहिले. मिसिंग तिसऱ्यातच. दाब मोजला, चारही सारखे. शेवटी त्यांनी गाडी चार दिवस ठेवून घेतली, रोज सकाळी थंड असताना स्वतः सुरू केली. चारही दिवस ती शहाण्या लेकरासारखी वागली. मी घरी आणली आणि दुसऱ्याच सकाळी तिनं गल्लीला जागं केलं.

गाडी ठेवून घेतली त्या खेपेला त्यांनी मला जवळ बोलावलं होतं. प्लग जिथे बसतो तिथे इंजिनात बोटभर खोल खड्डा असतो. तिसऱ्या खड्ड्यात बॅटरी मारून ते म्हणाले, "इथं पांढरं कडं दिसून राहिलं. तुम्ही इंजिनवर पानी मारता काय?"

मी दुखावलो. माझ्या गाडीला मी पाण्याचा थेंब लागू देत नाही. मी ती कोरड्या मऊ कापडानं पुसतो. बॉनेटवर रोज पांढरे ठिपके पडायचे, तेही कोरड्यानंच पुसायचो आणि कबुतरांना शिव्या घालायचो. त्या कबुतरांना पळवायला मी पोर्चमध्ये जुनी चकाकती सीडी दोऱ्यानं टांगली होती. उन्हापासून जपावं म्हणून गाडीचं नाक मी रोज पोर्चच्या अगदी आत, भिंतीला लागेपर्यंत नेऊन ठेवायचो. इतकं करणाऱ्या माणसाला हा प्रश्न? मी म्हणालो, पाण्याचं नाव काढू नका, तुम्हाला सापडत नाही तर सापडत नाही म्हणा.

ते म्हणाले, मी एखाद्या दिवशी घरी येऊन सकाळी ऐकतो ना. मी म्हणालो, पेशंट एवढा लांब चालत येतोय, डॉक्टरला घरी कशाला बोलावू?

घरी येण्याचं त्यांनी दोनदा सुचवलं आणि मी दोनदा हेच उत्तर दिलं.

आता जे सांगणार आहे, ते मी बसून सांगतो.

मी सूत्रसंचालक आहे. लग्नाचं रिसेप्शन, सोसायटीचा वर्धापनदिन, निवृत्तीचा सत्कार, जिथे माइक आहे तिथे मी आहे. लोकांना हसवणं हे माझं पोट आहे. आणि मे महिन्यात, एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या मुलीच्या रिसेप्शनला, नवरदेवाची मंडळी पोचायला उशीर होत होता. लोक कंटाळले होते. मला पंधरा मिनिटं भरून काढायची होती. पोटात राग होताच. मी स्टेजवर माइकचा स्टँड आडवा केला, त्याचं टोक टेबलावर टेकवलं, दुसरं टोक कानाला लावलं, डोळे मिटले आणि म्हणालो, "साहेब, ह्या घडीले तं काही आयकू येऊन नाही राहिलं." मग टेबल सोडून समोर बसलेल्या एका जाड्या गृहस्थांच्या पोटाला स्टँड लावला. मग आचाऱ्याच्या पातेल्याला. प्रत्येक वेळी तेच वाक्य. हॉल हसून कोसळला. जाडे गृहस्थ डोळे पुसत होते. कळमन्यातल्या मिस्त्रीचे कान गेले हो, असं मी समारोपाला म्हणालो. नाव नाही घेतलं. पण हॉलमध्ये निम्मी माणसं ट्रकांच्या धंद्यातली होती, आणि हातभर पेचकस कानाला लावणारा कळमन्यात एकच माणूस आहे.

बायको पहिल्या रांगेत होती. ती हसली नाही. घरी येताना गाडीत ती काहीच बोलली नाही, आणि त्या गाडीत दोनच सीटा असल्यामुळे तिचं न बोलणं पूर्ण माझ्या वाट्याला आलं.

आठवड्यानं मी पुन्हा कळमन्याला गेलो. आंब्यांचा मोसम भरात होता. त्या दिवसांत मिस्त्रींच्या दारात सात-आठ ट्रक उभे असतात, ड्रायव्हर सावलीत पत्ते खेळत असतात. त्या दिवशी एक ट्रॅक्टर उभा होता. तोही, नंतर कळलं, पंक्चरवाल्याकडे आलेला. मिस्त्री दुकानात स्टुलावर बसले होते. मांडीवर पेचकस. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनीच विचारलं.

"साहेब, माहे कान खरंच गेले काय?"

त्यांच्या विचारण्यात टोमणा नव्हता. ते खरोखर विचारत होते. ते कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले होते. डॉक्टर म्हणाला, वयाच्या मानानं उत्तम. पण ते म्हणाले, तुमची गाडी रोज मिसिंग करते आणि मला एकदाही ऐकू येत नाही, मग बाकीच्यांचं जे ऐकू येतं ते तरी खरं कशावरून. परवा एका ट्रकचं इंजिन ऐकलं आणि पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या सांगण्याचा भरवसा वाटला नाही. त्यांनी ड्रायव्हरला दुसरीकडे पाठवलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

एखाद्या चांगल्या माणसानं तिथे काय म्हटलं असतं ते मला माहीत आहे. मी उन्हातून आलो होतो, माझी गाडी बाहेर निर्लज्जासारखी सुरळीत चालत होती, आणि मी म्हणालो, दुसऱ्या डॉक्टरला दाखवून बघा.

आणि निघून आलो.

घरी हे मी बायकोला रागानंच सांगितलं, म्हणजे माझ्यावर किती अन्याय होतोय ते तिला कळावं म्हणून. तिनं पूर्ण ऐकलं. मग तिनं विचारलं, मिस्त्रींचा नंबर काय. मी विचारलं, कशाला. ती म्हणाली, असू दे.

त्यानंतर दोन दिवसांनी नवतपा लागला. मे संपतानाचे ते नऊ दिवस नागपुरात सकाळी सहालाच ऊन दार वाजवतं. मी नेहमीप्रमाणे पाइप कूलरच्या टाकीत सोडला, कंपाउंडच्या कोपऱ्यात जाऊन नळ पूर्ण उघडला, भिंतीकडे तोंड केलं आणि नंबर लावला. त्या दिवशी मला चांगला सूर लागला होता. मी प्लगपासून सुरुवात केली, नोझलवर आलो, मग एकूण कळमना, मग एकूण मिस्त्री ही जमात, असा चढत गेलो. नेहमी ते मध्ये "हौ साहेब" म्हणत. त्या दिवशी एकदाही म्हणाले नाहीत. शेवटी मी विचारलं, ऐकताय का?

"बोला साहेब, बोला. आज लवकर थांबू नका."

मला हे फार उद्धट वाटलं. मी दुप्पट जोरात सुरू झालो. मधूनमधून माझाच आवाज मला मागून ऐकू येत होता. मला वाटलं, नेटवर्कचा घोळ. मी त्या घोळावरही ओरडलो.

मग फोनमध्ये मिस्त्री शांतपणे म्हणाले, "आता मांगं फिरा."

मी वळलो.

पोर्चमध्ये, माझ्या गाडीच्या नाकाशी, मिस्त्री उकिडवे बसले होते. एका हातात मोबाइल, त्याचा स्पीकर चालू. दारात बायको, हात बांधून. फाटकाबाहेर मिस्त्रींची जुनी स्कूटर. समोर मुख्याध्यापक, पेपर मांडीवर पूर्ण खाली. आणि या सगळ्यांच्या मधोमध कूलरची टाकी केव्हाच भरून वाहत होती. पाणी टाकीच्या काठावरून स्टँडच्या लोखंडी पायावर उतरत होतं, पायावरून आडव्या पट्टीवर, आणि पट्टीच्या टोकावरून एक बारीक, नेटकी धार, अगदी मोजून लावल्यासारखी, माझ्या लाडक्या नाकपुडीत पडत होती.

 धारेचा आवाज तेवढा येत होता. दोन महिने रोज येत असणार.

मिस्त्रींनी धारेखाली तळहात धरला. पाणी हातात घेऊन पाहिलं. मग उठून बॉनेट उघडलं, तिसऱ्या कॉइलचा रबरी बूच वर खेचला आणि बॅटरी मारली. खड्डा पाण्यानं भरलेला. नाकपुडीचं तोंड बरोबर त्याच्याच वर येतं. त्यांनी नखानं कूलरच्या जाळीवरचा पांढरा क्षार खरवडला, खड्ड्याच्या कडेचा पांढरा क्षार खरवडला, दोन्ही अंगठ्यावर शेजारी शेजारी ठेवून मला दाखवले. आमच्या बोअरचं पाणी. माझी कबुतरं.

बाकीचं त्यांना सांगावं लागलं नाही. मी नऊला गाडी काढायचो तोवर बॉनेट आणि खालची फरशी वरून कोरडी खडखडीत झालेली असायची. खड्ड्यात पाणी आहे तोवर ठिणगी पाण्यात विझायची, गाडी हेलकावायची. कळमन्यापर्यंत इंजिन तापून पाणी उडून गेलेलं. म्हणून तिथे काही ऐकू यायचं नाही, कारण तिथे काही नव्हतंच. आणि मी जितका जास्त वेळ भिंतीकडे तोंड करून ओरडायचो, तितका जास्त वेळ टाकी वाहायची. फोन सुरू होण्याआधीच्या दिवसांत पाइप सोडून मी चहाला आत जायचो, तेव्हाही ती वाहतच असणार. ज्या दिवशी मी थोडक्यात आटोपलं असेल, त्या दिवशी गाडी बरी चालली असेल. तसा दिवस मला आठवत नाही.

"सुरू करा," मिस्त्री म्हणाले.

मी आत बसलो, किल्ली फिरवली. गाडी हेलकावली. फट् फट्. मिस्त्रींनी पेचकसाचं टोक इंजिनवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मी काचेतून त्यांच्याकडे पाहत होतो. चेहरा आधी ताठ होता, परीक्षेला बसल्यासारखा. मग कपाळावरची आठी गेली. मग जबडा सैल झाला. साठीच्या पुढच्या माणसाचा चेहरा असा सुटताना मी पाहिला नव्हता. डोळे मिटलेलेच ठेवून ते माझ्या बायकोला म्हणाले,

"आयकू येऊन राहिलं, वयनी."

बायकोनं पदर डोळ्याला लावला. मग तिनं नळ बंद केला, पाइप गुंडाळला आणि मला विचारलं, "आता कुणाला फोन करता?"

माझी त्या क्षणीची अडचण तुम्ही समजून घ्या. दोन महिन्यांचा तयार, चांगला पिकलेला राग माझ्याकडे होता आणि तो ठेवायला जागाच उरली नव्हती. गाडी निर्दोष. मिस्त्री निर्दोष. कबुतरं निर्दोष, त्यांची तर मी वाळीत टाकल्यासारखी अवस्था केली होती. उरला तो पाचशे पावलांवरच्या दुकानात मिळणारा एक प्लास्टिकचा गोळा, आणि तो न आणणारा मी. इतका राग एकट्या माणसाला स्वतःवर करता येत नाही, निदान एका बैठकीत तरी नाही. मी अजून हप्त्याहप्त्यानं करतो आहे.

चहा घेताना मी मिस्त्रींची माफी मागितली. आवाज बदलून, हात जोडून, खाली बघून. मला माफी चांगली मागता येते. त्यांनी बशीतला चहा संपवला.

"मले माफी नको, साहेब," ते म्हणाले. "दारात ट्रक पायजे."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कळमन्याला गेलो. मिस्त्रींच्या दुकानाला लागून चहाची टपरी आहे. बाजारात माल उतरवून झालेले ड्रायव्हर तिथे जमतात, आणि त्यात त्या रिसेप्शनवाल्या ट्रान्सपोर्टचेही होते. मी बाकावर चढून उभा राहिलो. माइक नव्हता, गरज पडली नाही. मी म्हणालो, मंडळी, मी मागे हॉलमध्ये एक गोष्ट सांगितली होती, ती अर्धी होती. उरलेली अर्धी ऐका.

आणि मी सगळं केलं. टपरीवाल्याकडून पाण्याचा पाइप मागून घेतला. भिंतीकडे तोंड करून फोनवर ओरडणारा मी. वाहणारी टाकी. नाकपुडी. टांगलेली सीडी आणि निरपराध कबुतरं. मुख्याध्यापकांचा पेपर. मागे फिरलेला माझा चेहरा तर मी दोनदा करून दाखवला. ह्या माणसानं, मी दुकानाकडे हात करून म्हणालो, दीड महिन्यापूर्वी मला विचारलं होतं की पाणी मारता काय, आणि मी ह्याला बहिरा ठरवलं. कान त्यांचे शाबूत आहेत, मंडळी, ऐकायचं मला नव्हतं.

लोक हसत होते. हॉलपेक्षा जास्त हसत होते. खरं सांगायचं तर मला मजा यायला लागली होती, आणि मी कबुली जरा लांबवत नेत होतो. मिस्त्री मात्र हसत नव्हते. दुकानाच्या दारात उभे राहून ते फडक्यानं हात पुसत होते, आणि हात केव्हाच स्वच्छ झाले होते. त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. माझ्या मागच्या गर्दीत कोण उठतं आणि कोण बसून राहतं, ते पाहत होते.

मी तिसऱ्यांदा भिंतीकडे तोंड करायला वळलो, तेव्हा मागच्या बाकावरचा एक धिप्पाड ड्रायव्हर चहाचा ग्लास खाली ठेवून उठला, माझ्याकडे न बघता माझ्या पाइपावरून पाय टाकून पलीकडे गेला, आणि दुकानाच्या दिशेनं म्हणाला,

"मिस्त्री, ह्या साहेबाचं झालं असन तं माह्या गाडीले कान लाव ना गा."